गुण लिहून होईपर्यंत हात नको

मंदाताई जगदाळ्यांनी उभ्या आयुष्यात एकही बाण सोडलेला नाही. शाळेत त्या शिवण शिकवतात, सव्वीस वर्षं झाली. तरी ग्वाल्हेरात कुठल्याही शाळेत तिरंदाजीची स्पर्धा निघाली की पहिला फोन त्यांना येतो, "मंदा मैम, आप आ रही हैं ना?"

हे कसं झालं त्याला फार मोठं कारण नाही. नऊ वर्षांपूर्वी शाळेला बांबूची बारा धनुष्यं मिळाली आणि महिन्याभरात खेळाच्या सरांची बदली झाली. धनुष्यं ठेवली शिवणाच्या खोलीत, कारण धड कुलूप तेवढ्याच खोलीला होतं. मुली रोज किल्ली मागायला यायच्या. बाणाला टोक असतं, पोरी अल्लड. म्हणून ताई त्यांच्या मागोमाग मैदानावर जाऊन उभ्या राहायच्या. उभ्या राहता राहता नियम कळायला लागले, आणि एके दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता तुम्हीच बघा मंदाताई, तुमच्याइतका धीर दुसऱ्या कोणाला नाही."

नियमांचं पुस्तक हिंदीत होतं. ताईंचा जन्म ग्वाल्हेरचा, हिंदी काही परकी नव्हे. पण शिक्षण मराठी शाळेत झालेलं. मराठीत लिहिल्याशिवाय गोष्ट मनात बसायची नाही. म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि सगळे नियम आपल्या गोल अक्षरात मराठीत उतरवून काढले. प्रत्येक नियमाखाली 'का?' असं लिहून त्याचं उत्तरही लिहिलं, कारण मुलींना का ते सांगितल्याशिवाय मुली ऐकत नाहीत.

'तीन शिट्ट्या झाल्याशिवाय कोणी रेघ ओलांडायची नाही. का? गेलेला डोळा परत येत नाही.'

'हातून पडलेला बाण धनुष्याने ओढून घेता आला तर घ्यावा, नाहीतर तो सुटला असं धरावं. का? वाकून पुढं गेलेली मुलगी शेजारणीला दिसत नाही.'

'बाण गुणांच्या वर्तुळाच्या रेघेला नुसता टेकला तरी वरचा गुण द्यावा. का? इथं देव मुलांच्या बाजूने आहे.'

ही वही देवघरातच असते. सकाळी पूजा झाली की ताई पोथीचं एक पान वाचतात आणि वहीचं एक पान. त्यांचे यजमान लक्ष्मीकांतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत चहाचा कप घेऊन ते दारातून बघत असतात.

"अगं, यातली देवाची कुठली आणि बाणांची कुठली, हे देवाला तरी कळतं का?"

"देवाला कळतं. तुम्हाला कळत नाही, म्हणून तुम्ही चहा प्या."

ताईंची आणखी एक सवय सांगायला हवी. त्यांच्या माहेरी खंडेनवमीला घरातली झाडून सगळी अवजारं पुजायचे. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, तेव्हापासूनची रीत. ताई शिवणयंत्र पुजतात, कात्री पुजतात, आणि गेली नऊ वर्षं त्याच ताम्हणातलं हळदकुंकू बारा धनुष्यांनाही लागतं. रोजचा सराव संपला, बाण काढून झाले की त्या निशाणाचा कागद लावलेल्या गवताच्या गादीपाशी जातात, बोटं टेकवून कपाळाला लावतात. आज कोणाला लागलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलींना त्यांनी कधी सांगितलं नाही की तुम्हीही करा. पण मुली बघतात. बघून बघून सगळ्याच करायला लागल्या. कोणी बाण काढल्यावर, कोणी घाईघाईत आधीच. सरावात गुण कोण लिहितं? ताईंनी पाहिलं होतं, त्यांना बरंच वाटलं होतं.

यंदाच्या नोव्हेंबरात विभागाची स्पर्धा होती. ताई पहिल्यांदाच मुख्य पंच होत्या. मुलींमधून चौघी राज्याच्या स्पर्धेला जाणार. त्यांच्या शाळेची सोनिका भोईटे त्या चौघींत असावी, असं ताईंना फार वाटत होतं. पंचाला असं वाटू नये हे माहीत असूनही वाटत होतं. सोनिका अकरावीला. तिच्या आईने, उषाताईंनी, आधीच बजावलं होतं, "यंदा काय ते करून घे. पुढं बारावी, तेव्हा धनुष्य खुंटीला." म्हणजे सोनिकाला ही एकच संधी होती.

सकाळी धुक्यातच ताईंनी सगळ्यांना गोळा करून नियम वाचले. रेघेवर शिट्टी घेऊन दौलतसिंह सर उभे होते, दुसऱ्या शाळेचे, मिशीवाले, फार बोलके.

"मंदा मैम, जल्दी कीजिए, आप तो सत्यनारायण की कथा बाँच रही हैं!"

"कथा अर्धवट सोडली तर काय होतं, माहीत आहे ना, सर?" ताई म्हणाल्या, आणि पोरी खिदळल्या. शेवटचा नियम त्यांनी दोनदा वाचला, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत: गुण लिहून होईपर्यंत बाणाला, कागदाला, गवताच्या गादीला कोणी हात लावायचा नाही. का? बाण हलतो.

तीस मीटर अंतर, तीन-तीन बाणांच्या बारा फेऱ्या. दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर यायचं, एक झाली की सोडायचे, तीन झाल्या की पुढं जाऊन गुण लिहायचे. दुपारपर्यंत तीन जागा कोणाच्या ते जवळजवळ ठरलं. चौथीसाठी राहिल्या दोघी, सोनिका आणि हरिशंकरपुरमच्या शाळेची मधुवंती, आणि योगायोगाने दोघी एकाच गादीवर मारत होत्या. अकराव्या फेरीनंतर मधुवंतीचे दोनशे पंचाहत्तर, सोनिकाचे दोनशे त्र्याहत्तर.

शेवटच्या फेरीला ताई गादीपासून बाजूला, दोरीच्या मागे उभ्या होत्या. मधुवंतीचे बाण आले, नऊ, नऊ, आठ. सोनिकाचा पहिला नऊत, दुसरा नऊत. तिसरा थोडा वर चढून येत कागदात अडकला, पण सैल; शेपूट लोंबत होतं. दहाच्या रेघेजवळ. टेकलाय की नाही, हे तेवढ्या लांबून कळणं शक्य नव्हतं. टेकला असेल तर दोघींचे तीनशे एक, आणि मग बरोबरी फोडायला दोघींना एकेक बाण मिळणार. नसेल तर खेळ संपला.

तीन शिट्ट्या झाल्या. मधुवंती हाताचा पट्टा सोडत सावकाश येत होती. सोनिका पळतच आली. गादीपाशी थांबली, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं गवताला टेकवली आणि कपाळाला लावली.

गादी जरा हलली. बाणाचं शेपूट आणखी खाली आलं आणि काडी दहाच्या रेघेला टेकली.

मधुवंती पोचली, वाकून नीट बघितलं आणि मोकळेपणाने म्हणाली, "दस है मैम. लाइन टच है."

"टच आहे ना ताई? आहे ना?" सोनिका जागच्या जागी उड्या मारत होती. "टाय झाला! अब एक-एक तीर!"

दुसरं कोणी पाहिलं नव्हतं. दौलतसिंह रेघेवर मुलींना रांगेत लावत होते, बाकीच्या आपापल्या गादीपाशी होत्या. ताईंच्या हातात गुणांचा कागद होता. दहा लिहायला एक क्षण पुरला असता. मनात आलं, पोरीने काय केलं? नमस्कार केला. नमस्कार केला म्हणून कोणाचं नुकसान करायचं का? आणि लगेच दुसरं मनात आलं, की मधुवंतीचा बाण असता तर मी काय केलं असतं?

"थांब सोनिका," त्या म्हणाल्या. "लिहायच्या आधी तुझा हात लागला. बाण हलला. मी पाहिलं."

"बाणाला नाही लावला ताई! सिर्फ घास को!"

"गादीला लावला तरी तेच. आधी टेकला होता की नाही, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. हात लागून शंका आली की खालचा गुण. नऊ."

सोनिकाच्या उड्या थांबल्या. "पण तुम्हीच तर करता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "रोज करता. मैंने आपसे ही सीखा है."

"हो," ताई म्हणाल्या. "माझ्याकडूनच शिकलीस. मी बाण काढल्यावर करते, तुम्ही आधी करत होतात, आणि मी बघून गप्प बसले. मला ते गोड वाटायचं. चूक माझी आहे बाळा. पण गुण तुझा जातोय, आणि तो मला परत देता येत नाही."

एवढ्यात दौलतसिंह आले. काय झालं ते ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अरे मैम, बच्ची ने प्रणाम ही तो किया है. किसने देखा?"

"मी पाहिलं ना, सर."

मग मधुवंती पुढं झाली. सोनिकाकडे न बघता म्हणाली, "मैम, एक-एक तीर चला लेते हैं ना. मुझे कोई प्रॉब्लम नहीं."

ताईंना त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं. पण त्यांनी मान हलवली. "बरोबरी झालीच नाही बेटा. तुम्हारी जगह तुमने कमाई है. ती दान करायची नाही."

"मलाही दया नको," सोनिका म्हणाली आणि पाठ फिरवली.

कागदावर दोघींच्या सह्या लागतात. सही म्हणजे लिहिलेले गुण मान्य. मधुवंतीने केली. सोनिका दोरीच्या पलीकडे उकिडवी बसली होती, धनुष्य आडवं मांडीवर. ताई कागद घेऊन तिच्यापाशी गेल्या, पण पेन पुढं केलं नाही. अहवालाची जागा रिकामी होती. तिथं त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं: 'खेळाडूचा हात शिक्षिकेच्या सवयीमुळे लागला. जबाबदारी शिक्षिकेची.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, बसताना "आई गं" निघालंच.

सोनिकाने तिरक्या नजरेने ते वाचलं.

"हे कोण वाचणार?"

"जे वाचायचे ते वाचतील. मला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत बहुतेक."

"मग कशाला लिहिलं?"

"खरं आहे म्हणून."

मग सोनिकाने पेन ओढून घेतलं आणि सही केली, इतकी दाबून की कागदाला मागून वळ उठला.

"पण आईला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्हीच चला घरी."

"चल," ताई म्हणाल्या.

साडेतीनच्या सुमाराला त्या स्कूटरवरून निघाल्या, मागे सोनिका, तिच्या पाठीला धनुष्य. एकदा वळणावर सोनिकाने ताईंच्या खांद्याला धरलं, ते तेवढ्यापुरतंच. ताई मनात वाक्य जुळवत होत्या. उषाताई, तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही. उषाताई, आधी माझं ऐकून घ्या. एकही वाक्य शेवटपर्यंत जाईना.

जयेंद्रगंजात जिना चढून गेल्या तर दार उघडंच. उषाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "या या मंदाताई! काय गं, किती झाले? झालं ना तुझं?"

ताईंनी चपला काढल्या, श्वास घेतला. "उषाताई, मला तुम्हाला—"

"आई, माझा हात लागला," सोनिका मागून म्हणाली. "लिहायच्या आधी. बाण हलला, म्हणून दहाचे नऊ धरले. राज्याला मधुवंती जाणार."

उषाताई एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. तिरंदाजीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं. "अगं, नऊ काय कमी आहेत का?" त्या समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या.

"कमी आहेत आई," सोनिका म्हणाली. "एकाने कमी आहेत."

आणि मग, दिवसभर जे आलं नव्हतं ते रडू आलं. धनुष्य पाठीवर तसंच, ती मटकन खाली बसली, आईकडे गेली नाही की ताईंकडेही गेली नाही, दोघींच्या मधेच बसली. उषाताई पुढं व्हायला लागल्या; ताईंनी हातानेच त्यांना जरा थांबवलं. मग त्या सोनिकाच्या मागे बसल्या, खांद्याखाली करकचून बसलेली धनुष्याची दोरी हळूच सोडवली, आणि तिचं रडून होईपर्यंत ते धनुष्य स्वतःच्या मांडीवर धरून बसून राहिल्या.