राहून गेलेला चौक

आम्ही मणियार. वऱ्हाडाच्या आधी आपली पेटी पोहोचली पाहिजे, असं माझे सासरे पीरमहंमद ऐटीत सांगायचे. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांमध्ये तीस वर्षं मी नवऱ्या मुलींना चुडे भरत फिरले. लग्नघरात माझ्याही आधी एकच बाई हजर असायची, बनुबाई.

ठाकर आदिवासींच्या लग्नात भिंतीवर चौक काढतात. भिंत गेरूनं सारवायची, भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटायचे आणि बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. चौकोनात देव, बाहेर मोर, झाडं, वाजंत्री. बनुबाई मूठभर देहाची, पण काडी हातात आली की घरच्या म्हाताऱ्यांनाही "सरका तिकडं" म्हणायची. मी खाली बसून बांगड्या चढवायचे. नवरीचे डोळे भिंतीवर, त्यामुळे हात सैल आणि बांगडी सरकन आत. माझ्या हातून बांगडी फुटत नाही असा लौकिक झाला होता. श्रेय बनुबाईचं होतं, पण मी ते कधी नाकारलं नाही!

काय दिवस होते ते. ओल्या पिठाचा वास अजून नाकात आहे. आता लग्नं मंगल कार्यालयात, नवरीमागे फ्लेक्स आणि हातात आधीच मॅचिंग सेट. मला कोण बोलावणार? नाक्यावर दुकान टाकलंय, पण मन रमत नाही.

बनुबाईचं काम तर त्याच्याही आधी सुटलं. एकवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा छगन गेला. मीच भरलेल्या बांगड्या दगडावर फोडल्या लोकांनी. चौक सवाष्णीनंच काढायचा, हा रिवाज. त्याच वैशाखात तिच्या एकुलत्या एक लेकीचं, सविताचं लग्न होतं. दुसरी काढणारी बाई मिळाली नाही. चुलतीनं भिंतीवर कुंकवाचे पाच ठिपके दिले आणि वेळ मारून नेली. सविताचा हात लाकडासारखा ताठ. त्या दिवशी माझ्या हातून दोन बांगड्या फुटल्या.

गेल्या साली सरकारची योजना आली. आदिवासी चित्रकारांना मदत आणि वाडीत कला केंद्र. जुन्या हातांनी पोरींना शिकवायचं, त्याचं मानधन मिळायचं. वाडीतला पुंजाराम त्यापायी चपला झिजवत होता. फॉर्म मी भरला, कारण माझं अक्षर बरं. जिल्ह्याच्या रकान्यात सवयीनं अहमदनगर लिहिलं, मग खोडून अहिल्यानगर केलं. पुढे घोडं अडलं. जुन्या चित्रांचे फोटो मागितले होते. आमच्याकडे चौक दिवाळीच्या सारवणाखाली जातो, फोटो कुठून आणायचे? फोटो नसतील तर कलाकारानं समितीसमोर काढून दाखवावं, असं उत्तर आलं. नाहीतर केंद्र दुसऱ्या गावाला. आणि चौक येणारी वाडीत एकटी बनुबाई उरलेली.

ती म्हणाली, "माज्या हातचा चौक कुनाला लाभायचा न्हाई, पुंजा. केंद्र गेलं तर जाऊ दी."

मला असा राग आला! म्हटलं, "बनुबाई, माझा नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली. तरी तुमच्या पोरींना चुडे मीच भरले ना? कुणाचा संसार मोडला, सांग."

"तुमच्यात चालतं, हमिदे."

"आमच्यात चालतं, पण हात तर तुमच्याच पोरींचे होते ना?"

पण ती हो काही म्हणाली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी सविताला फोन लावला. ती नवऱ्याबरोबर श्रीरामपूरला असते.

समिती आली त्या सकाळी शाळेच्या ओसरीची भिंत गेरूनं सारवून तयार होती. बनुबाई लांब, आंब्याखाली बसून. समितीच्या सत्यशीला मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. तेवढ्यात एसटीतून सविता उतरली, मागे तिचा नवरा. तिनं इकडंतिकडं न बघता काडी उचलली, दातांनी चावली आणि आईपुढे धरली.

"आये, माजा चौक राहिलाय."

बनुबाई नकाराची मान हलवत राहिली.

"काय वंगाळ व्हायचं ते माजंच व्हईल. एकवीस वर्सं झाली लग्नाला. ह्यो बग तुजा जावई, उभा हाय धडधाकट!"

जावई बिचारा खरोखरच ताठ उभा राहिला. बायका हसल्या. हसता हसता माझे डोळे भरून आले. बनुबाईनं काडी घेतली.

पहिली रेघ तिनं चौकोनाची ओढली. मग हात असा चालायला लागला, जणू मधली एकवीस वर्षं गेलीच नव्हती. पाठीमागे वाडीतल्या बायका जमल्या आणि मॅडमना सांगायला लागल्या. हरेक नवरीच्या चौकात बनुबाई कोपऱ्यात त्या नवरीच्या माहेरची एक खूण काढायची, ती खूण दुसऱ्या कुणाच्या चौकात नसायची.

"माज्यात दारची चिंच हुती."

"माज्यात आमचा लंगडा बैल."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. केंद्र मंजूर झाल्याचं पत्र पुढे महिन्यानं आलं, पण त्या सकाळी केंद्र सगळेच विसरले होते. चौक भरला, मोर झाले, वाजंत्री झाले. कोपरा तेवढा रिकामा. बनुबाईनं काडी पुन्हा पिठात बुडवली. मग तिनं कोपऱ्यात एक लहानशी बाई काढली. वाजंत्र्यांपासून दूर, वळचणीला उभी, दोन्ही हात पाठीमागे घेतलेली.

सविता वाकून बघायला लागली. "ही कोन गं, आये?"

"मी," बनुबाई म्हणाली. "तुज्या लग्नात मी तितं उबी हुते."