पेढे आले की पोटात गोळा येतो

जिंकणाऱ्या संघाकडे कप जमतात, हरणाऱ्या संघाकडे किस्से. मुलुंडच्या आमच्या मंडळाचा मुलींचा बास्केटबॉल संघ गेली कित्येक वर्षं हरतोय, म्हणजे माझ्याकडे स्टॉक किती असेल बघा.

मी या नादाला लागलो तो बायकोमुळे. आधी मी पहाटे उठून मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचेस बघायचो. माझी तिकडची टीमही हरायचीच. एकदा मी तोंड पाडून चहा पीत बसलो होतो, तर ही म्हणाली, "हरणारीच टीम हवी तर एवढ्या लांबची कशाला? खाली मैदानात मुली हरतात ना, तिथे जा. चालणं तरी होईल."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर.

*

कट्ट्यावरचे सीनियर म्हणजे सावंतकाका. गाव मालवणजवळ, गिरणी बंद पडल्यापासून मुक्काम पोस्ट कट्टा. आपण बघितलं की पोरी हरतात, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे आपल्याला लीड मिळाली की काका उठतात. "माका बघूचा नाय, मी जातंय," म्हणत टपरीमागे जाऊन उभे राहतात.

एका मॅचला आम्ही चक्क पुढे होतो. काका उठले. उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून त्यांच्यामागून आम्ही सगळेच उठलो. टाइमआउटमध्ये मुलींनी वर बघितलं तर कट्टा रिकामा.

"सर, एवढं घाण खेळतोय का आम्ही?" कॅप्टनने कोच तांबेसरांना विचारलं.

तिथून जी वाट लागली ती शेवटपर्यंत.

*

मग नम्रता आली. एक खेळाडू कमी पडत होती म्हणून सरांनी तिला कबड्डीतून ओढून आणलं होतं. पहिल्याच मॅचमध्ये हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, हे ही बाई विसरली. तिघींना चकवून तिने सुंदर बास्केट केली, आपल्याच रिंगमध्ये.

कट्ट्यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावले. तांबेसर मात्र एकटेच टाळ्या वाजवत होते.

"सर, पॉइंट त्यांना गेला," मी म्हटलं.

"तो जाऊ दे रे. हात बघितलास का तिचा?"

वर्षभरात तो हात सगळ्या मुंबईने बघितला. नम्रता खेळायला लागली आणि आम्ही अधूनमधून चक्क जिंकायला लागलो. सावंतकाकांचं टपरीमागे जाणं वाढलं. मी रात्री जेवताना बायकोला स्कोअर सांगायचो आणि ती ऐकायची.

*

आता पेढ्यांचं सांगतो. आमच्याकडे मुलगी जरा चमकली की नोकरी देणारा एखादा मोठा संघ तिला उचलतो. जाणारी मुलगी शेवटच्या दिवशी सरांना आणि कट्ट्याला पेढे देते, ही आमची रीत. त्यामुळे मिठाईचा बॉक्स दिसला की आमच्या पोटात गोळा येतो.

एक दिवस नम्रता बॉक्स घेऊन आली. काकांनी हात मागे घेतले. "माका डायबिटीस आसा."

"अहो काका, ताईचं लग्न ठरलंय."

काकांनी लगेच दोन पेढे उचलले. डायबिटीस त्यांना कधीच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बॉक्स घेऊन आली. या वेळी कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिच्या बाबांची कंपनी बंद पडल्याचं आम्हाला ठाऊक होतं. तरी मला खूप वाटलं, म्हणावं, थांब गं, अजून एक सीझन खेळ. तसं म्हणायचा मला काय अधिकार? मी पेढा घेतला आणि "झकास" म्हणालो. नंतर बरेच दिवस मी कट्ट्यावर बसायचो, पण बघायचो तिची रिकामी जागाच.

*

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट. जिंकलो असतो तर आम्ही पहिल्यांदा सेमीफायनलला जाणार होतो. समोर नेमका नम्रताचा नवा संघ. तिने बास्केट केली की आमच्या कट्ट्यावरून टाळ्या पडायच्या, मग एकेकाच्या लक्षात यायचं आणि हात खाली जायचे.

शेवटच्या क्षणाला स्कोअर बरोबरीत. आमच्या मुलीने नम्रताला धक्का दिला आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला तिने चुकवला. माझ्या शेजारी सावंतकाका डोळे घट्ट मिटून बसले होते.

तिने दुसऱ्या थ्रोसाठी बॉल उचलला. तेवढ्यात आमच्या बेंचवरून तांबेसर ओरडले, "कोपर आत घे गं! किती वेळा सांगायचं?"

तिने कोपर आत घेतलं. बॉल रिंगला न लागता जाळीतून खाली आला. आम्ही एका पॉइंटने हरलो.

शिट्टी झाली आणि नम्रता दोन्ही हात वर करून धावत सुटली, ती सरळ आमच्या बेंचकडे. सरांच्या समोर येऊन थांबली, धापा टाकत.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "अगं, तुझी टीम तिकडे आहे."