तांबडीची जागा

राजूरच्या रस्त्याला घर बांधल्यावर मी पाच कोंबड्या पाळल्या. त्यांत तांबडी सगळ्यांची मालकीण. दाणे टाकले की आधी तिने खायचं, मग बाकीच्यांनी. एके दिवशी ती खुडूक झाली. अंडी द्यायचं सोडून खोक्यात ठाण मांडून बसली. अंडी मी रोज उचलत होतो, तिच्याखाली एकही नव्हतं. मग ही बया उबवत काय होती, ते मला कळेना. हात लावला की फुगून चोच मारायची.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिच्या नाकात पीस घाला, बराबर उठती." कोंबडीचंच पीस तिच्या नाकपुड्यांतून आडवं ओवायचं, ही इकडची जुनी रीत. मला ते अघोरी वाटलं. त्यापेक्षा मी तिला चार दिवस ऊब मिळू नये म्हणून गार फरशीवर, बांबूच्या डालग्याखाली कोंडलं, दाणापाणी आतच दिलं.

पाचव्या दिवशी सोडली. खूळ गेलं होतं. ती ऐटीत दाण्यांकडे निघाली आणि तिला घाबरणाऱ्या त्या चौघी तिच्यावर तुटून पडल्या. सगळ्यांत मरतुकडी होती, तिनेच तुरा फोडला.

"चार दिवसांत ओळख विसरल्या?" मी चिडून विचारलं.

"ओळख कशाला विसरतील?" काकू म्हणाल्या. "जागा गेली तिची. पीस घातलं असतं तर त्यांच्यातच फिरत राह्यली असती."

मी चौघींना हाकललं. तेवढ्यात तांबडी पळत गेली आणि भिंतीला टेकवलेल्या डालग्याखाली आपणहून शिरली. ते उचलावं की पुन्हा झाकावं, मला समजेना.