अंग सैल सोडा

नऊ फेब्रुवारी, सोमवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. सिद्धेश्वराच्या तळ्यातील मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर, अर्ध्यात, माझा श्वास अडला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मी कठडा धरून उभा राहिलो.

त्या दिवशी मी मंदिराकडे का निघालो होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी नेमाने देवाला जाणारा नव्हे. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. रोज सकाळी अग्निशमन केंद्रापर्यंत चालत जायचे, फाटकाबाहेरून हजेरी पाहायची आणि परत यायचे, एवढाच माझा नेम. त्या सकाळी पाय दुसरीकडे वळले. कोणी वळवले, ठाऊक नाही.

दम लागण्याचे कारण मात्र ठाऊक होते. एकतीस वर्षे मी अग्निशमन दलाच्या बंबावर काढली. सूत, टॉवेल, रंग यांच्या गोदामांतला धूर ओल्या फडक्याआडून गिळला. वार्षिक तपासणीच्या दिवशी आम्ही सगळे ज्येष्ठमध चघळून खोकला दाबत असू आणि डॉक्टरांना ‘काही त्रास नाही’ असे सांगत असू. कारण छाती अधू ठरली की बंबावरून उतरवून टेलिफोनजवळ बसवीत. ही लबाडी आम्हाला मर्दुमकी वाटे. निवृत्तीनंतर ती सुटायला हवी होती. उतरवणारे कोणी उरले नव्हते, तरीही पत्नीला मी तेच उत्तर देत राहिलो.

डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या काखेत हात घातला. खांद्यावर घोंगडे, अंगाला मेंढरांचा वास.

“बाबा, ताट ऱ्हाऊ नगा. अंग सैल सोडा.”

“मी ठीक आहे,” मी म्हणालो.

“व्हय, दिसतंय की. वठ निळं पडल्यात. सोडा म्हणतो न्हवं, मी धरलंय.”

ते शब्द माझे होते. धुरातून बाहेर काढताना माणसे भीतीने ताठरतात, दाराच्या चौकटीला मिठी मारतात; मग उचलणाराही अडकतो. अशा कितीजणांना मी हेच ओरडून सांगितले असेल. मला ते कोणी कधी सांगितले नव्हते. हा मेंढपाळ ते कोठे शिकला? विचारायला श्वास नव्हता. मी कठड्यावरचा हात काढला.

त्याने मला उचलून रस्त्यापर्यंत नेले आणि रिक्षात घातले. रुग्णालयाच्या दारापर्यंत तो माझ्याजवळ होता, असे मला स्पष्ट आठवते. रिक्षावाला मागाहून रुग्णालयात आलेल्या पत्नीला म्हणाला, तो माणूस रिक्षात बसलाच नव्हता. कोणाचे खरे, मला कळत नाही.

डॉक्टरांनी विचारले, त्रास कधीपासून?

“बावीस वर्षांपासून,” मी सांगितले. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

फुप्फुसे पूर्ववत होणार नाहीत. औषध, श्वासाचे व्यायाम आणि बेताचे चालणे यांवर आहेत तेवढी राखता येतील, असे डॉक्टर म्हणाले. आणखी तासभर उभा राहिलो असतो, तर राखण्यासारखे काही उरले नसते.

तो मनुष्य कोण होता, याचा निवाडा मी करीत नाही. त्याचे आणि ज्याने माझे पाय वळवले त्याचे उपकार मानतो. ते दोघे होते की एकच, हेही मला उमगलेले नाही. समर्पण हा शब्द कीर्तनांतून पुष्कळ ऐकला होता. मला तो दुबळ्यांचा वाटे. ताठ राहिलेल्या माणसाला उचलणारा कितीही बलवान असला तरी उचलू शकत नाही, हे मला व्यवसायाने माहीत होते. ते मलाही लागू आहे, हे सदुसष्टाव्या वर्षी कळले. पूर्ण कळले असे म्हणवत नाही.

दुपारी ऑक्सिजनची नळी नाकाला असतानाच मी भवानी पेठेत फोन लावला. तेथे माझ्याबरोबर बावीस वर्षे बंबावर असलेला फायरमन राहतो. मी कोठे आहे ते त्याला सांगितले.

“आण्णा, तुमी दवाखान्यात? कुनी उचलून नेलं का काय?” तो हसला.

“होय.”

मी लगेच पुढे सांगितले,

“उद्या छातीचा फोटो काढायला ये.”

“मला काय झालंय?”

“मलाही काही झाले नव्हते.”

बराच वेळ त्याचा खोकला ऐकू येत राहिला. मग त्याने नऊची वेळ कबूल केली. मी परिचारिकेकडून डॉक्टरांची उद्याची यादी आणि पेन मागून घेतले आणि यादीत त्याचे नाव स्वतः लिहिले.