अर्धी चाहूल

आमच्या घरात ‘तडजोड’ असं कुणी म्हणत नसे. तो शब्द मला पुस्तकांत भेटला. घरात होता तो हिंदी समझौता, आणि तो बाबांनी ते कामाला होते त्या स्टीलच्या प्लांटमधून आणला होता. शेजारी नळावरून भांडले की बाबा मध्ये पडत. “समझौता करा अन् कामाले लागा.” आईला पंख्याचा वारा सोसत नसे, बाबांना त्याशिवाय झोप लागत नसे. पंखा मधल्या आकड्यावर फिरे आणि दोघंही थोडे नाराज होऊन झोपत.

नोकरीत असतानाच, थोड्याशा आजारानं बाबा गेले. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून प्लांटजवळच्या खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला मडकं टांगलं. त्या मडक्याखाली आई आणि काका भांडले.

“आमच्या बापाले गावी वैनगंगेत शिरवलं, वहिनी. दादालेही तिथंच नेतो.”

“अन् मले कोण नेईन तिथं? इथल्या शिवनाथ नदीवर मी ऑटोनं तरी जाईन.”

शेवटी मोठी आत्या उठली. “मेल्या माणसावरून कावून भांडून राहिले? अर्धं-अर्धं करा. जित्तेपणी बी त्यानं अर्ध्या सुट्ट्या गावी काढल्या अन् अर्ध्या इथं झोपून.”

रडता रडता सगळे हसले. आत्यानं दुसरं मडकं मागवलं आणि मान वळवून अस्थी वाटल्या. कोणतं हाड कुठल्या मडक्यात पडलं, ते तिनं पाहिलं नाही. एक मडकं शिवनाथमध्ये गेलं, दुसरं काका गावी घेऊन गेले.

पहिल्या शिफ्टवरून बाबा दुपारी परतत. फाटकाशी आधी खोकत. ती आईला चहा ठेवायची खूण होती. मग अंगणातून जड बुटांचा आवाज येई.

तेरवी झाल्यावर एका दुपारी मी खिडकीशी वाचत बसले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. अंगणातून बूट चालत आले आणि पायरीशी थांबले. मी वर पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं, पेरूची सावली तेवढी होती. आत स्वयंपाकघरात आईनं गॅस पेटवला होता.

“तू ऐकलं?” मी विचारलं.

“रोजच ऐकून राहिली.” ती चहाच्या पातेल्याकडे बघत होती. “पण खोकत नाही. खोकल्याशिवाय कसा आला तो?”

आम्ही हे कुणालाच सांगितलं नाही. पोरगी पुस्तकं वाचून बिघडली आणि आई दुःखानं, असंच लोक म्हणाले असते.

मग काकांचा फोन आला. आईनं स्पीकर लावला. काका इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि एकदम थांबले.

“वहिनी, दुपारी दारापाशी दादा खोकलते. आवाज त्याचाच. दार उघडलं तं कोणी नाही. पायाचा आवाज बी येत नाही.”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

तडजोडीत कुणालाच पूर्ण मिळत नाही, हे मी पुष्कळदा वाचलं होतं. जे वाटलं जातं त्याचं काय होतं, ते कुठं वाचलं नव्हतं.

“या दोन नद्या कुठं भेटतात?” फोन ठेवल्यावर आईनं विचारलं.

मी शाळेतला नकाशा काढला. शिवनाथ महानदीला मिळून पूर्वेकडे जाते. वैनगंगा दक्षिणेकडे उतरून शेवटी गोदावरीला मिळते. माझं बोट दोन वाटांनी फिरून कागदाच्या कडेला निळ्यावर टेकलं.

“समुद्रात,” मी म्हणाले.

“मंग टाइम लागन त्याले.”

मग तिनंच काकांना फोन लावला.

“भाऊजी, दार उघडून पाहात नका जाऊ. खोकलला की तांब्याभर पाणी ठेवत जा बाहेर. चहा मी इथं देतो.”

काका हळूच म्हणाले, “बरं वहिनी.”

दुसऱ्या दुपारी बूट पायरीशी येऊन थांबले. आईनं कप बाहेर नेऊन ठेवला, वर बशी झाकली आणि आत येऊन दार लोटलं. पुरतं लावलं नाही, पुरतं उघडंही ठेवलं नाही.

आम्ही दोघी आत बसून राहिलो. थोड्या वेळानं बशी वाजली.

आईनं माझा हात धरला. खोकला आला नाही.