दुबईचा लाकडी पूल

दुबईला जायचं मी ठरवलं नव्हतं. आमच्या ह्यांनी मला पाठवलं. स्वतः जायचं नाही आणि दुसऱ्याला धाडायचं ही ह्यांची जुनी खोड. लग्नाआधी मला बघायलासुद्धा धाकट्या भावाला पाठवलं होतं.

आमचा सुधीर तेव्हा दुबईत होता. मोठमोठ्या इमारतींत थंड हवेचे पत्र्याचे नळ टाकायच्या कंपनीत इंजिनीयर. सोबत सूनबाई माधवी आणि आमची नात सई. सई तेव्हा मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. आज तीच माझं मराठी टाईप करते आहे, कारण मला लिहिता-वाचता येत नाही. सई, हे गाळायचं नाही हं.

ह्यांचं म्हणणं एकच. माणूस राहतो तिथं नजरेला एक डोंगर हवा आणि एक वाहतं पाणी हवं. नाहीतर माणूस आतून वाळतो. आमच्या देवरुखकडे दोन्ही चिक्कार, त्यामुळे ह्यांना बोलायला काय जातं?

"तू जा, डोळ्यांनी बघ," हे म्हणाले. "डोंगर-पाणी असलं तर राहू दे त्याला. नसलं तर एक फोन करतो, सामान बांधून परत."

"अहो, तुम्हीच जा की."

"वाळू बघायला? घरासमोर रेतीचा ट्रक उलटला तर बघेन."

आता हे हसण्यावारी न्यावं, तर सुधीर बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. ह्यांनी 'ये' म्हटलं असतं तर तो खरंच आला असता. देवरुखच्या ट्रॅक्टरच्या दुकानात ह्यांनी त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा सांगून ठेवली होती. थोडक्यात, पोराची नोकरी माझ्या डोळ्यांवर टांगलेली, आणि त्यातल्या एका डोळ्यात मोतीबिंदू.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खसखस नेऊ नका, तिथं ती चालत नाही, विमानतळावरच अडवतात. माझा लाडवांचा डबा उघडून पोलिसाने एक-एक लाडू हुंगला. नाचणीचे होते म्हणून सुटले. आणि कोकमाचं आगळ न्यायचं तर बाटली पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा साडीत गुंडाळा. मी फक्त साडीत गुंडाळली होती. ती साडी आता कायमची आमसुली.

सुधीरचं घर दुबईच्या अल मनखूल भागात, आठव्या मजल्यावर. खाली उतरलं की उडप्याचं हॉटेल, शिंपी, केरळच्या माणसाचं किराणा दुकान. नारळ, कढीपत्ता, सुकट, सगळं मिळतं. शेजारी अकोल्याचे, समोर हैदराबादचे, वरती पेशावरचे. लिफ्टमध्ये सगळे हिंदी बोलतात, मीसुद्धा बोलले. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचीच माझ्यासारखी मोडकी होती. सुधीर खुशीत होता, वजन वाढलं होतं, फोनवर कामगारांना 'यल्ला यल्ला', म्हणजे 'चला, आटपा', ओरडत होता. पोर कुठूनही वाळलेलं दिसेना. पण हे ह्यांना सांगून पटणार होतं थोडंच? ह्यांना डोंगर हवा होता.

मग आमची शोधमोहीम निघाली. पाणी सापडलं. खाडी आहे, तिच्यात लाकडी होड्या चालतात, अर्धा-एक दिऱ्हमात पलीकडे. नक्की जा, वारा छान लागतो. पण खाडीचं पाणी वाहत नाही, नुसतं हलतं. ह्यांनी असल्या पाण्याला कधीच पास केलं नसतं.

डोंगरासाठी सुधीरने आम्हाला हत्ता नावाच्या डोंगरातल्या गावी नेलं. दीड तासाचा रस्ता, असा गुळगुळीत की माधवीला झोप लागली आणि सुधीरलाही लागत होती. मी सारखी बोलत राहिले म्हणून आम्ही जिवंत पोचलो. डोंगर होते हो, खूप होते. पण सोललेल्या सुरणासारखे. एक काडी हिरवी असेल तर शपथ. रस्त्याकडेच्या झाडांना नळ्या लावलेल्या, सलाईनवरच्या पेशंटसारख्या.

"आई, फोटो काढू?" सुधीरने विचारलं.

"काढ, आणि बाबांना दाखव. पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टर विकत बसशील."

सुधीरने फोटो काढलाच नाही. मग हळूच म्हणाला, "आई, मला नाही गं परत जायचं."

एवढंच बोलला. मी त्या सुरणाच्या डोंगरांकडे पाठ केली आणि गाडीत जाऊन बसले.

शुक्रवारी सुट्टी होती. सुधीरच्या कंपनीतल्या जपानी साहेबाने अबुधाबीतल्या कसल्याशा प्रदर्शनाचे पास दिले होते. "Is it boring?" सईने गाडीतच विचारलं. सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू, मध्ये एका टपरीपाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा की चहा खिडकीत येतो. दाट, वेलदोड्याचा, एक दिऱ्हम. "म्हणजे तेरा रुपये," माधवी म्हणाली. तिथं कोणीही कुठलाही भाव सांगितला की लगेच रुपयांत सांगतं, जणू रुपयांत सांगितल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि दात वाजायला लागले. बाहेर अंगाची भाजी होते आणि आत हिमालय. सुधीर छताकडे बघून अभिमानाने म्हणाला, "नळ आमच्या कंपनीचेच." मी त्याचा कोट मागून घेतला.

आणि भिंतीवर बघते तर काय! डोंगर. पाणी. डोंगर. पाणी. बर्फाचे डोंगर, निळे डोंगर, नदी, धबधबा, समुद्र, पूल. जपानमधली जुन्या पद्धतीची चित्रं, लाकडी ठशांनी छापलेली. अख्ख्या वाळवंटात ह्यांना हवं होतं ते सगळं एका खोलीत कोंडून ठेवलेलं, आणि वर कुलूप लावल्यासारखा एसी.

प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं होतं, पण जपानी आणि अरबीत. सुधीर इंजिनीयर, माधवी बी.कॉम., सई इंग्रजी शाळेतली, तिघेही माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदाच समानता आली. वरती कोपऱ्यात एक तांबडा शिक्का होता. चित्रकाराची सही म्हणे. मी म्हटलं, शाब्बास! मी अंगठ्यावर भागवते, आणि एवढा मोठा चित्रकार शिक्क्यावर.

मग मी एका चित्रासमोर थांबले ती थांबलेच. डोंगर, खाली नदी, नदीवर लाकडी पूल, आणि वरून पाऊस धो धो. पुलावरून माणसं वाकून चाललेली, डोक्यापासून पाठीवर गवताची झापडं घेतलेली.

"सुधीर, ही तर इरली!"

"आई, जपान आहे ते."

"असू दे. इरली ओळखत नाही का मी? भाताच्या लावणीला मी काय छत्री घेऊन वाकायचे?"

शेजारी तिथलीच एक म्हातारी उभी होती, तोंडावर सोनेरी पट्टी, हातभर मेंदी. ती त्या पावसाकडे अशी बघत होती, जशी मी सोन्याच्या बाजारात हाराकडे बघत होते. आमची भाषा जुळेना. तिने बोटांनी पाऊस पाडून दाखवला, मी पदर डोक्यावर घेऊन भिजून दाखवलं. दोघी खूप हसलो. तिच्या मुलाला वाटलं मी तिला काही विकते आहे.

कोपऱ्यात एक जपानी कारागीर बसला होता. तो तेच पुलाचं चित्र समोर छापून विकत होता. एकेका रंगाचा वेगळा लाकडी पाट. ब्रशने रंग लावायचा, कागद खाचेत बसवायचा, वरून गोल चकतीने रगडायचा. आकाश झालं, नदी झाली, डोंगर झाला, इरलीवाली माणसं झाली. चित्र तयार, पण पाऊस कुठे? तर पावसाचा पाट निराळा! तो शेवटी. नुसत्या रेघा कोरलेल्या.

कारागिराकडे दोन्ही होती, पावसाची आणि बिनपावसाची.

"आई, बिनपावसाचं घ्या," माधवी म्हणाली. "मोकळं दिसतं, आणि स्वस्तही आहे."

"अगं, मग ती माणसं इरली घेऊन कोरड्यात कुठं चाललीत? वेड लागलंय त्यांना?" मी कारागिराला हिंदीत सांगितलं, "भाईसाब, बारिश डालके दो. थोडा जास्ती."

भेळवाल्याला तिखट सांगावं तसं. त्याला काय कळलं देव जाणे, पण कमरेत वाकला आणि माझ्यासमोर पाऊस छापून दिला. दीडशे दिऱ्हम. माधवीने रुपये सांगितले, ते मी ऐकले नाहीत.

परतताना गाडीत सुधीर म्हणाला, "आई, बाबांना काय सांगणार?"

"काही नाही. चित्र अबुधाबीहून आणलं, सुधीरने घेऊन दिलं. यात काय खोटं आहे?"

"And Japan?" मागून सई.

"ते कोणी विचारलं तर सांगू."

घरी आले. ओटीवर चित्र उलगडलं. गाव जमलं, कारण दुबई बघायची होती. हे चष्मा लावून बसले. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून बसले.

"डोंगर आहे," हे म्हणाले.

"आहे ना!"

"पाणी आहे. वाहतं आहे. पाऊसही बरा आहे."

"मग? राहू दे ना पोराला?"

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "अगं, पण विजेचा एक खांब नाही! पूल लाकडी, तोही डगमगता. एक एसटी नाही, माणसं ओझी घेऊन चालतायत. आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी सुधारणा झाली. आणि हा इंजिनीयर होऊन तिथं जाऊन पडला?"

मी लिफ्ट सांगितली, गुळगुळीत रस्ते सांगितले, खिडकीतला चहा सांगितला. हे माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "पोरासाठी आई किती खोटं बोलते." मग मी जपानही सांगितलं. त्याच्यावर तर सगळी ओटी हसली. दुबईला गेलेली बाई जपानचं चित्र कशाला आणेल?

फोन करून सुधीरला बोलावतील म्हणून मी रडकुंडीला आले. पण ह्यांनी फोन केला नाही. चार दिवस ओटीवर त्या चित्रासमोर बसले आणि मग म्हणाले, "बोलावून कसं चालेल? अडचणीत असलेल्या पोराला आधी बघून यायला हवं. माझा पासपोर्ट काढा."

जन्मात देवरुखच्या पुढे फारसा न गेलेला माणूस विमानात बसला. सोबत टॉर्च, मेणबत्त्या आणि छत्री. इरलंसुद्धा घेतलं होतं, पण ते मुंबईला विमानतळावर काढून घेतलं.

पोचल्याचा फोन आला तेव्हा मी फोनपाशीच होते.

"अगं ए, ऐकलंस का?" हे ओरडत होते, कारण ह्यांच्या मते परदेशात मोठ्यानेच बोलावं लागतं. "तू इथून गेलीस त्यानंतर इथं फार सुधारणा झाली! पूल काँक्रीटचा केला. खांब तर मोजता येत नाहीत."

"आणि डोंगर?"

"डोंगर दिसत नाही. रस्त्याला माती लागली असेल, खणून नेला असणार."

"मग पोराला घेऊन येताय?"

पलीकडे सुधीर आणि सई हसत होते, ते मला ऐकू येत होतं. हे मात्र गंभीर होते.

"छे! इतकी झपाट्याने कामं करणारी माणसं सोडून ट्रॅक्टर विकायला आणू? राहू दे त्याला. खलास."

'खलास' म्हणजे अरबीत 'बास, ठरलं'; हा शब्द ते तिथून घेऊन आले आणि अजून वापरतात, दूधवाल्यालासुद्धा. सुधीर तिथंच राहिला, पुढे कितीतरी वर्षं. चित्र आमच्या ओटीवर आहे. ह्यांना खरं काय ते कळलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण नवीन पाहुणा आला की हे त्याला चित्रासमोर उभं करतात, माझ्याकडे तिरक्या डोळ्याने बघतात आणि म्हणतात, "ही जुनी दुबई. आमच्या हिने पाहिली. मी गेलो तोवर पाऊस उघडला होता."