उमरेडच्या वाटेवर अडणारी चाके

तापलेल्या ब्रेकचा वास एकदा नाकाने ओळखला, की जन्मभर सुटत नाही. जळक्या रबराचा नव्हे, तव्यावर विसरलेल्या भाकरीचाही नव्हे. त्या दोहोंच्या मधला, किंचित कडवट, किंचित लोखंडी असा तो वास कुठेही आला, की माझ्या डोळ्यांपुढे उन्हाने पांढराफटक पडलेला उमरेडचा रस्ता उभा राहतो. कडेला आमची राखाडी गाडी, आणि गाडीकडे व माझ्याकडे सारखीच पाठ करून उभी असलेली, रेशमी लुगड्यातली माझी पत्नी सुमती. इतरांच्या स्मृतीत म्हणे मोगरा आणि पारिजात दरवळत असतात. माझ्या वाट्याला हा गंध आला. त्याला काय करणार?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कचेरीतले एक साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना आपली वयोवृद्ध गाडी माझ्या गळ्यात बांधून गेले. तिचे ब्रेक इतके झिजलेले, की शहरातल्या बर्डीच्या गर्दीत मी पायापेक्षा परमेश्वरावर अधिक विसंबून असे. अखेर सुमतीच्या हट्टापुढे मान तुकवून चारही चाकांचे ब्रेक नवे करून घेतले, आणि त्या मंगल प्रसंगी उमरेडच्या सासऱ्यांकडून गाडीला अहेर आला: तिथल्या मागावर मुद्दाम विणवलेली, विटकरी रंगावर हिरवे पट्टे असलेली, पायांशी अंथरायची जाडजूड सतरंजी. त्या गाडीची पेडले बुडातून वर येत. सासऱ्यांनी स्वतः वाकून, बोटांनी माप घेऊन, पेडलांसाठी तिला भोके पाडली होती आणि सासूबाईंनी प्रत्येक भोकाला लाल दोऱ्याचा काठ भरला होता. असे देखणे वस्त्र रोज कोण तुडवणार? सुमती त्याची घडी कपाटात ठेवी आणि माहेरी जाताना तेवढी अंथरी.

आणि नेमकी माहेरी जातानाच गाडी रुसू लागली. शहरात हरिणीसारखी धावणारी ती उमरेडच्या रस्त्याला लागली, की हळूहळू जड होई, कण्हू लागे, आणि पाचगावच्या अलीकडे पुढची दोन्ही चाके अशी आवळून बसत, की हात लावावा तर चटका! मागून येणारी एसटीची लाल गाडी आम्हांला ओलांडून जाई आणि खिडकीतून कुणीतरी विचारी, "धक्का देऊ काय गा?" मग आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत तास-तासभर बसून चाके निवण्याची वाट पाहायचो. याच पायी भाच्याचे बारसे हुकले. आम्ही पोचलो तेव्हा पाळणा रिकामा होता आणि भांडी घासणे चालले होते.

निदानाला मी कुठे कमी पडलो? रशीदभाई मिस्त्रींनी पुढची चाके जॅकवर चढवली, हाताने फिरवली. ती भोवऱ्यासारखी फिरली. त्यांनी ब्रेक सैल केले, रबरी नळ्या बदलल्या, ड्रम घासले. गाडी घेऊन चक्कर मारून आले, चाके थंडगार. तीनदा असे झाल्यावर त्यांनी हात पुसत मला बाजूला घेतले. "साहब, गाड़ी में कुछ नहीं है. ससुराल जाने का दिल नहीं, तो भाभीजी को सीधा बोल दो ना."

दुर्दैवाने भाभीजींचेही तेच मत झाले होते. "माह्या माहेराच्या रस्त्यालेच गाडीचे पाय काहून जड होतात?" असे ती विचारी. निर्दोष माणसाचा चेहरा किती गुन्हेगारासारखा दिसतो, हे मला त्या काळात कळले.

तशात तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. "आता उशीर झाला, तर मी लाल गाडीनं जाईन. अन् परत कवा यायचं, ते तिथंच ठरवीन," तिने शांतपणे सांगितले. त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटली. पहाटेच निघालो, तरी पाचगावच्या अलीकडे तो परिचित गंध आलाच. सुमती उतरली. लुगडे मळू नये म्हणून तिने पायांखालची सतरंजी ओढून काढली, बाभळीखाली अंथरली, आणि बसण्याऐवजी रस्त्यावर जाऊन मागून येणाऱ्या लाल गाडीला हात केला. ती तुडुंब भरलेली, थांबली नाही.

धुरळा बसेपर्यंत सुमती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "चालू करा. जळली तर जळू द्या."

मी भीत भीत गाडी सुरू केली, आणि काय आश्चर्य! चाके अजून वाफाळत होती, तरी गाडी लोण्यासारखी सरकली. मी थांबलो; सुमतीने धावत येऊन सतरंजी जागच्या जागी बसवली आणि आत बसली. दहा-वीस हात गेलो, तर पुन्हा तेच कण्हणे. तिने माझ्या पायांशी पाहिले. वाकून सतरंजीचा काठ उचलला. ब्रेकचे पेडल बोटभर वर आले. सोडला; बोटभर खाली गेले. सासऱ्यांनी इतक्या मायेने, इतक्या काटेकोर मापाने पाडलेले ते भोक पेडलाला वाटभर आलिंगन देऊन बसले होते! जणू कुणीतरी सतत ब्रेकवर हलका पाय ठेवावा, तसे. आणि मिस्त्रींना बिचाऱ्यांना काय दिसणार? तेलाचे डाग पडू नयेत म्हणून त्यांच्याकडे जाताना सतरंजी आम्ही घरी ठेवत होतो.

"कैचीनं थोडं मोठं करू," मी म्हणालो.

"आईनं काठ भरला आहे," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत तिने पुस्ती जोडली, "अन् बाबाले सांगू नका."

माझ्यावरच्या आरोपांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा मोह मी आवरला. संसारात निर्दोष सुटणे पुरेसे असते. निकालाची प्रत मागू नये.

साखरपुड्याला आम्ही वेळेवर पोचलो, तेही सतरंजीसकट. वाटेत काढून ठेवलेली ती सुमतीने गावाच्या वेशीशी गाडी थांबवून पुन्हा अंथरली आणि शेवटचा रस्ता आम्ही कण्हत-कुंथत पार केला. सासरे दारातून आले ते आधी गाडीत डोकावले. "मस्त बसली न, जवाईबापू?"

"फारच घट्ट," मी म्हणालो.

पुढे कितीतरी वर्षे हाच क्रम चालला. वेशीपर्यंत हरिणी, वेशीपासून गाय. चाकांचे कण्हणे ऐकूनच म्हातारा ओट्यावरून उठे, "आले वाटते," म्हणून चहा टाकायला सांगे, आणि आमच्या मिस्त्रीला काही समजत नाही, असे दर खेपेला कनवाळूपणे बजावे. आज ती गाडी नाही, ओट्यावर उठून उभे राहणारे कुणी नाही. सतरंजी आहे, भोकांसकट कपाटात.

परवा वर्धा रोडच्या सिग्नलवर आमची रिक्षा थांबली आणि शेजारच्या ट्रकच्या चाकांतून तो वास आला. डोळे मिटून बसलेल्या सुमतीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तशीच मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "उमरेड आलं काय?"